'बॅस्टिनाडो' आणि 'पत्री' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार व सातारा-सांगलीतील त्याचा प्रतिशब्द

१

बेचाळीसच्या चळवळीतील आठवणी, चरित्रे व शाहिरी वाङ्मय इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्या भाषांतरकाराला सातारा-सांगली भागात पोहोचताच एक शब्द अडवतो. तो शब्द म्हणजे 'पत्री'. 'पत्री सरकार', 'पत्री मारणे', 'पत्री ठोकणे' हे प्रयोग या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात इतके सहज येत असत की त्यांचा अर्थ विचारणाराच परका ठरे. कोशांच्या आधाराने शोध घेतला तर तळपायांवर काठीचे फटके मारण्याच्या शिक्षेला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे असे दिसते. ते नाव 'बॅस्टिनाडो'. शिक्षा तीच, शरीराचा भाग तोच, साधनही जवळपास तेच. इतका काटेकोर प्रतिशब्द भाषांतराच्या व्यवहारात क्वचितच लाभतो. आणि तरीही 'पत्री'च्या जागी 'बॅस्टिनाडो' घातला की वाक्य बिघडते. वारणा-कृष्णाकाठचा शेतकरी एकाएकी इस्फहानच्या बाजारात उभा असल्यासारखा वाटू लागतो.

असे का व्हावे? दोन शब्द एकाच वस्तूचा निर्देश करीत असूनही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, हा अर्थविज्ञानातील परिचित प्रश्न आहे. परंतु येथे तो केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. ज्या चळवळीने सातारा जिल्ह्यात सुमारे तीन वर्षे ब्रिटिश सत्तेला न जुमानता गावोगाव न्याय दिला, ती चळवळ वाङ्मयात व इतिहासात कोणत्या नावाने उरणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२

'बॅस्टिनाडो' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला. त्याचे मूळ स्पॅनिश 'बास्तोनादा' असून त्यात 'बास्तोन', म्हणजे काठी, हा शब्द आहे. मूळ अर्थ इतकाच : काठीचा फटका, काठीने दिलेला चोप. त्यात पायाचा संबंध नव्हता. शेवटच्या 'आदा'चे 'आडो' झाले ही इंग्रजांची करामत. स्पॅनिश शब्द ऐटीत वापरायचा तर त्याच्या शेवटी 'ओ' हवा अशी त्या काळच्या इंग्रजी कानाची समजूत होती. 'ब्रॅव्हॅडो' हा शब्दही अशाच रीतीने सिद्ध झाला. मूळ भाषेत नसलेले रूप, परंतु परकेपणाचा डौल मात्र मूळ भाषेहून अधिक.

हा डौलच त्या शब्दाच्या वाङ्मयीन आयुष्याचा आरंभ आहे. बेन जॉन्सनच्या 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' या १५९८ साली रंगभूमीवर आलेल्या सुखात्मिकेत याचा फार मार्मिक पुरावा सापडतो. मॅथ्यू नावाचा शहरी बावळट बोबाडिल या बढाईखोर सैनिकाला सांगतो की अमुक एका गृहस्थाने आपल्याला 'बॅस्टिनाडो' देण्याची धमकी दिली आहे. बोबाडिलला धमकीपेक्षा शब्दाचेच नवल वाटते. त्या अडाण्याला हा शब्द मिळाला कोठून, असे तो विचारतो. तेव्हा मॅथ्यू कबूल करतो की त्या माणसाने साध्या भाषेत बडवून काढण्याचीच गोष्ट केली होती. 'बॅस्टिनाडो' हा शब्द आपण आपल्या पदरचा घातला, आपली शोभा राखण्यासाठी. मार खायचा तो खायचाच, पण निदान तो प्रतिष्ठित शब्दाने खावा! एखाद्या शब्दाच्या सामाजिक पातळीचे इतके उघडे विवेचन नाटकात क्वचितच येते. पुढे बोबाडिल स्वतःच त्या गृहस्थाकडून मार खातो आणि तेव्हा मात्र कोणताही भारदस्त शब्द त्याच्या उपयोगी पडत नाही.

शेक्सपिअरने हा शब्द अशाच रंगाने वापरला आहे. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात फॉलस्टाफ वेल्सच्या ग्लेंडाउअरची टर उडवताना त्याने एका सैतानाला 'बॅस्टिनाडो' दिल्याचा उल्लेख करतो. 'ॲज यू लाइक इट'मधील विदूषक टचस्टोन विल्यम नावाच्या खेडुताला घाबरवताना विष, 'बॅस्टिनाडो' आणि पोलाद अशी मरणाची साधने मोजतो. या दुसऱ्या प्रसंगात एक गोष्ट विशेष आहे. टचस्टोन त्या खेडुताशी बोलताना प्रत्येक भारी शब्दाचा गावठी अर्थ स्वतःच सांगत जातो. म्हणजे दरबारी माणूस गावच्या माणसाला काठीने नव्हे, शब्दांनी मारत असतो. या साऱ्या प्रयोगांत पायाचा तळवा कोठेही नाही.

३

तळवा आला तो पूर्वेकडून. तुर्कस्तान, इराण, इजिप्त या देशांत गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी तेथील 'फलक' या शिक्षेची वर्णने लिहिली. फलक म्हणजे मधोमध दोरीचा फास असलेला लाकडी दांडा. अपराध्याला पाठीवर निजवायचे, त्याचे घोटे फासात अडकवून दांडा पिळायचा, दोन माणसांनी तो दोन्ही टोकांना उचलून धरायचा आणि वर आलेल्या उघड्या तळव्यांवर छड्या ओढायच्या. छडीला फार्सीत 'चोब' म्हणतात. मराठीतील चोपदार याच शब्दाचा धनी. ('चोप देणे' हा प्रयोगही ओघातच त्याला जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण 'चोपणे' या क्रियापदाची वाट वेगळी दिसते.) या शिक्षेसाठी प्रवाशांना इंग्रजी शब्द हवा होता आणि 'बॅस्टिनाडो' तयार होता. हळूहळू शब्दाचा जुना, व्यापक अर्थ झडून गेला आणि संकुचित अर्थ उरला. अर्थसंकोचाचे हे एक नमुनेदार उदाहरण होय. परंतु अर्थाबरोबर एक भूगोलही शब्दाला चिकटला. आता 'बॅस्टिनाडो' म्हणजे केवळ तळपायांवरील मार नव्हे, तर 'पौर्वात्य' लोक एकमेकांना देतात तो मार.

हा भूगोल पक्का करण्यात जेम्स मोरिअरच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ हाजी बाबा ऑफ इस्पहान' या १८२४ सालच्या कादंबरीचा वाटा मोठा आहे. मोरिअर इराणमधील ब्रिटिश वकिलातीत होता आणि त्याचे निरीक्षण सूक्ष्म होते यात शंका नाही. नायक हाजी बाबा हा न्हाव्याचा मुलगा. मशहद येथे फिरता धूम्रपानाचा धंदा करताना तो तंबाखूत भेसळ करतो आणि पकडला गेल्यावर तळव्यांवर मार खातो. पुढे नशिबाच्या फेऱ्यात तो स्वतः शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ताफ्यात सामील होतो आणि तीच कला शिकतो. फटक्याचा जोर पैशाने कसा कमीजास्त होतो हेही त्याला कळते. मार खाणारा आणि मार देणारा एकच असल्यामुळे कादंबरीला एक क्रूर गंमत येते. वाचकाने हसावे अशीच लेखकाची योजना आहे. इंग्रज वाचक हसला, कारण पाय त्याचे नव्हते.

येथे एक तुलना अपरिहार्य ठरते. ज्या साम्राज्याच्या वाचकांना हाजी बाबाच्या तळव्यांची मौज वाटली, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात १८६४ साली फटक्यांच्या शिक्षेचा स्वतंत्र कायदा केला. ती शिक्षा देशात १९५५ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. त्या वर्षी संसदेने ती रद्द केली. आपल्या शिक्षेला इंग्रजीने 'व्हिपिंग' हे कोरडे, कचेरीतील नाव दिले आणि दुसऱ्यांच्या शिक्षेसाठी रंगीत स्पॅनिश-तुर्की नाव राखून ठेवले. वेदना मोजायला दोन्हीकडे काठी किंवा वेतच होता. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या १८५५ च्या आयोगाच्या अहवालातही हीच सवय आढळते. सारावसुलीसाठी इंग्रज सरकारच्याच नोकरांनी केलेल्या छळाचे प्रकार तेथे 'किट्टी', 'अनुंदाल' अशा देशी नावांनी नोंदलेले आहेत. नाव देशी राहिले की कृत्यही देशीच वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीतूनही मागे पडला. ग्रीसमधील १९६७ ते १९७४ या काळातील लष्करी राजवटीच्या छळाची वृत्ते जगापुढे आली तेव्हा 'फलांगा' हे ग्रीक नाव रूढ झाले आणि छळाच्या वैद्यकीय तपासणीसंबंधीच्या १९९९ च्या 'इस्तंबूल प्रोटोकॉल'मध्येही तेच नाव आहे. 'बॅस्टिनाडो' आज बहुधा ऐतिहासिक कादंबऱ्यांत व जुन्या प्रवासवर्णनांत भेटतो.

४

आता 'पत्री'कडे वळता येईल. संस्कृत 'पत्र' म्हणजे पान. त्यावरून पातळ धातूचा 'पत्रा' आणि लहान पत्रा ती 'पत्री'. गणपतीला वाहायची पत्री व बैलाच्या खुराला ठोकायची पत्री ही एकाच मुळाची दोन टोके आहेत : एक हिरवे, एक लोखंडी. घोड्याला नाल असतो, बैलाला पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला एका पायात दोन पत्र्या लागतात. खडीच्या सडकेवर गाडी ओढणाऱ्या बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून त्या मारतात.

पत्री मारण्याचे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या शब्दाचा पुढचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिल्लारांचा बाजार भरतो. बाजाराच्या कडेला किंवा गावच्या वडाखाली नालबंद बसतो. बैलाच्या पायांत कासरा अडकवून त्याला आडवे पाडतात. चारी पाय एकत्र बांधतात. खूर वर येतात. बैल मान टाकून पडलेला असतो, डोळे पांढरे करतो, आणि हातोडीचा घाव सुरू होतो. भूमिगत कार्यकर्त्यांनी खबऱ्याला, दरोडेखोराला किंवा बाईच्या वाटेला गेलेल्या गुंडाला आडवे पाडून, पाय बांधून तळव्यांवर काठ्या ओढल्या, तेव्हा पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात दुसरी कोणती प्रतिमा येणार होती? रूपक हत्यारावरून आलेले नाही. ते देहाच्या अवस्थेवरून आलेले आहे. त्यात एक ग्रामीण उपरोधही आहे : बैलाला पत्री मारतात ती त्याने चालावे म्हणून, माणसाला मारली ती त्याने काही दिवस चालू नये म्हणून.

परंतु रूपक स्वस्थ बसले नाही. पत्री सरकारवाले माणसाच्या पायाला खरोखरच लोखंडी पत्र्या ठोकतात, अशी वदंता दूरवर पसरली. कार्यकर्त्यांनी हे नाकारले आहे. शिक्षा काठीची होती, लोखंडाची नव्हती, असे त्यांचे सांगणे. मग ही कथा आली कोठून? शत्रूचा अपप्रचार हे एक उत्तर असू शकते. पण त्याआधी मराठी क्रियापदांकडे पाहिले पाहिजे. 'मारणे' आणि 'ठोकणे' ही दोन्ही क्रियापदे मराठीत दुहेरी आहेत. खिळा मारतात, पत्रा मारतात, काठीही मारतात. खुंटी ठोकतात आणि माणसालाही ठोकतात. 'त्याला पत्री ठोकली' या वाक्यात लोखंडाचा अर्थ भाषेनेच ठेवून दिलेला आहे. तो बाहेरून घालावा लागत नाही. ज्याला ती बैलाची प्रतिमा आहे हे ठाऊक होते त्याने रूपक ऐकले, ज्याला ठाऊक नव्हते त्याने वस्तुस्थिती ऐकली. भीती दोघांनाही वाटली आणि चळवळीला ती उपयोगीच पडली. 'बॅस्टिनाडो' हा शब्द येथे किती तोकडा पडतो हे यावरून ध्यानात यावे. त्याच्यात दुसरा अर्थ दडायला जागाच नाही.

५

'पत्री सरकार' या नावाची उपपत्ती मात्र वादग्रस्त आहे. चळवळीतील सुशिक्षित कार्यकर्ते व इतिहासलेखक 'प्रतिसरकार' हे मूळ नाव मानतात आणि 'पत्री' हा त्याचा अपभ्रंश समजतात. लोकांत प्रचलित असलेली उपपत्ती उलट आहे : पत्री मारणारे म्हणून पत्री सरकार. या वादात ध्वनिविचाराची साक्ष फारशी काढली गेलेली नाही. ती काढण्यासारखी आहे.

ग्रामीण मराठीत शब्दारंभीच्या 'प्र'चे काय होते? 'प्रसाद'चा परसाद, 'प्रपंच'चा परपंच, 'प्रकार'चा परकार होतो. म्हणजे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालणे, ज्याला व्याकरणकार स्वरभक्ती म्हणतात, ही येथील नित्याची रीत. त्या न्यायाने 'प्रतिसरकार'चे 'परतीसरकार' व्हायला हवे होते. 'पत्री' होण्यासाठी रकाराला एक उडी मारून तकारापलीकडे जावे लागते. वर्णविपर्यय मराठीला अपरिचित नाही. 'नुकसान'चे नुसकान आणि 'मतलब'चे मतबल आपण ऐकतोच. पण 'प्र'च्या बाबतीत ती नेहमीची वाट नव्हे. याचा अर्थ असा की केवळ जीभ अडखळल्याने 'पत्री' झाले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. 'पत्री' हा शब्द आधीच तेथे उभा होता आणि त्याने 'प्रति'ला आपल्याकडे ओढले. लोकव्युत्पत्तीचा हा प्रकार; अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा सदरा घालण्याचा. म्हणून दोन्ही उपपत्ती एकमेकींना छेद देत नाहीत. 'प्रति'ने नाव पुरवले, शिक्षेने त्याला आकार दिला.

'प्रति' या उपसर्गाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी ग्रंथकारांनी 'पॅरलल गव्हर्नमेंट' अशी संज्ञा वापरली, ए. बी. शिंदे यांच्या १९९० सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातही ती आहे. तिचा मराठी अनुवाद 'समांतर सरकार' असा होतो आणि तो आता पाठ्यपुस्तकी मराठीत रुळला आहे. पण समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत. सातारा जिल्ह्यातील दोन सरकारे रोज भेटत होती, तीही बंदुकीच्या टप्प्यात. कीर्तन-पुराणावर वाढलेल्या श्रोत्याला 'प्रति' म्हटले की विश्वामित्राची प्रतिसृष्टी आठवते. त्रिशंकूसाठी रचलेली ती सृष्टी इंद्राच्या सृष्टीला समांतर नव्हती. ती तिला दिलेले आव्हान होते. औंधचे राजे पंतप्रतिनिधी, हे पदनाम तर या भागाच्या रोजच्या परिचयाचे. बदलीचा, जागी उभा राहणारा, सामना करणारा अशा तिन्ही छटा त्या उपसर्गात आहेत. गेल ऑम्व्हेट यांनी आपल्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी लेखाच्या शीर्षकात भाषांतर न करता 'प्रति सरकार' हेच शब्द ठेवले. कासेगावात राहून या भागाची भाषा कानांनी शिकलेल्या अभ्यासिकेला तेच सुचावे, यात नवल नाही.

६

शब्दाचे ओझे समजण्यासाठी घटनाक्रम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे. १९०० साली जन्मलेले, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदींनी १९४३ पासून गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली. तुफान सेना हे तिचे संरक्षक अंग. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून ती लुटण्यात आली. कुंडल हे गाव औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांचा हात तेथे सहज पोहोचत नव्हता. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर ही राजवट विसर्जित झाली.

या तीन वर्षांत न्यायदान मंडळांपुढे येणारे तंटे बहुतेक जमिनीचे, सावकारी व्याजाचे, घरगुती भांडणांचे होते. कमी खर्चाची 'गांधी विवाह' पद्धती रूढ करण्याचा, दारूबंदीचा, वाचनालयांचा प्रयत्नही होता. पत्री ही शिक्षा होती, राज्यव्यवस्था नव्हती. तथापि सबंध व्यवस्थेला नाव मिळाले ते शिक्षेचे. अंशावरून संपूर्णाचा निर्देश करणारी ही लक्षणा वाङ्मयीन दृष्टीने कितीही प्रभावी असली, तरी तिने वाचनालय झाकले आणि काठी पुढे केली हे मान्य करावे लागते. 'प्रतिसरकार' या नावाचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांची तक्रार म्हणूनच समजण्यासारखी आहे.

उलट बाजूही तितकीच वजनदार आहे. 'प्रतिसरकार' हा शब्द निष्कलंक आहे, आणि हाच त्याचा दोष आहे. तो उच्चारला की बांधलेले पाय दिसेनासे होतात. आजच्या मानवी हक्कांच्या मोजपट्टीने तळपायांवरील मार हा छळच ठरतो, मग मारणारा कोणीही असो. एखाद्या निरपराध्याला शत्रूच्या चहाडीवरून पत्री बसली असेल, ही शक्यता गृहीत धरल्यावाचून त्या काळाचे प्रामाणिक लेखन होत नाही. 'पत्री' हा शब्द ती शक्यता उघडी ठेवतो. लोकांनी नाव ठेवताना कौतुक आणि भय यांची वेगवेगळी पाकिटे केली नाहीत. दोन्ही एकाच शब्दात भरली.

७

वाङ्मयातील उपयोगाकडे पाहता प्रकारागणिक फरक जाणवतो. शाहिरी वाङ्मयाचा शब्द 'पत्री'. तो गाता येतो, डफाच्या थापेवर नेमका बसतो आणि श्रोता आपणहून प्रतिसाद देतो. कुंडलच्या शाहीर शंकरराव निकमांसारख्यांनी ज्या श्रोत्यांपुढे पोवाडे गायले त्यांना 'पत्री' समजावून सांगावी लागत नव्हती. नाना पाटलांच्या भाषणांची कीर्तीही गावरान बोलीमुळेच होती. कार्यकर्त्यांच्या आत्मकथनांत मात्र लेखणी बहुधा 'प्रतिसरकार'कडे झुकते, कारण आत्मकथन उत्तरकाळात, मानसन्मानाच्या वातावरणात, शिकलेल्या वाचकासमोर लिहिले जाते. मॅथ्यूने आपली शोभा राखण्यासाठी शब्द बदलला, तशी ही बदली आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण भाषेची यंत्रणा तीच आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'वारणेच्या खोऱ्यात' या कादंबरीलाही बेचाळीसच्या लढ्याची पार्श्वभूमी आहे. पण एकंदरीत मराठी कादंबरीने पत्रीचा प्रसंग मार खाणाऱ्याच्या बाजूने फारसा लिहिलेला नाही. मोरिअरने उपहासाने का होईना, दोन्ही बाजू एका पात्रात आणल्या. मराठीत ती जागा अजून मोकळी आहे.

बोलीतील वाक्यरचनेचा एक विशेष येथे नोंदवावा लागेल. 'त्याला पत्री मारली' या वाक्यात कर्ता नाही. मराठीच्या भूतकाळी कर्मणी रचनेत तो सहज गाळता येतो आणि वाक्य अपुरे वाटत नाही. कोणी मारली, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. भूमिगतांच्या काळात ही व्याकरणाची सोय म्हणजे जीव वाचवण्याची सोय होती. पुढे धोका संपला तरी आठवणी सांगताना कर्ता परतला नाही. कोणी विचारलेच तर उत्तर 'सरकारनं' असे मिळे, आणि कोणत्या सरकारने हे सांगण्याची गरज पडत नसे. इंग्रजीत 'बॅस्टिनाडो' क्रियापद म्हणूनही चालतो. पण तेथे कर्ता गाळायचा तर वाक्य सरळसरळ कर्मणी करावे लागते आणि त्याला पोलिसी अहवालाचा सूर येतो. साताऱ्याच्या वाक्यातील मौन कागदावरचे नाही, ते साऱ्या गावाने मिळून पाळलेले आहे.

या सर्वांचा विचार करता भाषांतरकाराने 'पत्री' हा शब्द तसाच ठेवणे योग्य ठरते. प्रथम येईल तेथे एका वाक्यात बैलाच्या खुराची पत्री सांगावी, शिक्षा काठीची होती हे सांगावे आणि लोखंडाची वदंता वदंता म्हणूनच द्यावी. 'बॅस्टिनाडो' घालायचाच असेल तर तो एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी घालावा. तेथे तो शोभेल, कारण त्यातला दुरावा मग त्या पात्राचा होईल. पी. साईनाथ यांच्या 'द लास्ट हीरोज' या २०२२ सालच्या पुस्तकाने या भागातील वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांच्या कहाण्या जगभरच्या इंग्रजी वाचकापर्यंत नेल्या असल्याने हा प्रश्न आता एखाद्या प्रबंधापुरता उरलेला नाही. ज्यांच्या तोंडी 'पत्री' हा शब्द शिक्षा, सरकार आणि खुराचे लोखंड अशा तिन्ही अर्थांनी एकदमच येत असे, ती पिढी जवळपास संपली आहे. सडका डांबरी झाल्या, ट्रॅक्टर आले, तरी उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या वाटेवर बैलगाड्या अजून दिसतात आणि त्यांच्या तळावर पत्री मारणाराही दिसतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना 'पत्री' शिकवताना कोशाचे पान उघडण्याआधी त्यांना एकदा तेथे नेऊन बैल पाडतानाचे दृश्य दाखवावे.